घरात लहान मूल आहे आणि सेकंडहँड गाडी घ्यायची आहे: काय बघायचं, कोणत्या क्रमानं बघायचं

मुलगी पाच महिन्यांची असताना आम्ही पहिली जुनी गाडी बघायला गेलो. आम्ही पोचलो तेव्हा मालकानं गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. "बाळ आहे ना बरोबर, म्हटलं एसीनं जरा गार होऊ दे." आम्हाला माणसाचं कौतुकच वाटलं. गाडी चकाचक होती, चाललीही छान, घेऊन टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर आधी इंजिनातून साखळी आपटल्यासारखा खडखडाट आणि मागोमाग सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट. दोन मिनिटांत सगळं शांत. झिजलेली टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी साखळी) आणि गळके व्हॉल्व्ह सील, हे दोन्ही आजार गार इंजिनातच बोलतात. गरम झालं की इंजिन शहाण्यासारखं वागतं. त्या माणसाला हे ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

त्यानंतर स्वतःसाठी दोन आणि नातेवाईक-मित्रांसाठी बऱ्याच गाड्या बघितल्या. त्यातून एक क्रम बसत गेला. जुनी गाडी घेताना आपण मॉडेल निवडतो असं वाटतं. खरं तर आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असतो. साध्या मॉडेलची, वेळेवर ऑइल बदललेली गाडी ही भारी मॉडेलच्या दुर्लक्षित गाडीपेक्षा केव्हाही परवडते.

आधी पैशांचं

हातात जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी घ्यायची नाही. शंभरातले पंधरा बाजूला ठेवायचे, कारण पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, एखादा बेल्ट यांपैकी काहीतरी निघतंच. विमा आणि नाव बदलण्याचा खर्च त्याशिवाय. कर्ज काढणार असाल तर त्याची मुदत गाडीच्या उरलेल्या आयुष्याशी जुळवून बघा. दहा वर्षांच्या गाडीवर सात वर्षांचे हप्ते म्हणजे गाडी भंगारात गेल्यावरही हप्ता चालूच राहायचा.

गाडीची किंमत सगळ्यात जोरात उतरते ती पहिल्या तीन वर्षांत. म्हणून तीन ते सात वर्षांची, पन्नास ते नव्वद हजार किलोमीटर चाललेली गाडी हा माझ्या मते कुटुंबासाठी सगळ्यात शहाणा टप्पा. जेवढ्या पैशांत साधी पाच वर्षांची गाडी मिळते तेवढ्यातच एखादी आलिशान बारा वर्षांची गाडीही मिळते, आणि तिथंच मोह होतो. पण गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. तिचा एअर सस्पेन्शनचा एक पाय बदलताना आपल्याला ते कळतं.

मग मागची सीट, इंजिन नंतर

बहुतेक जण बॉनेट आधी उघडतात. मूल लहान असेल तर मागचं दार आधी उघडा. आणि गाडी बघायला जाताना आपली स्वतःची बाळाची कार सीट आणि बाबागाडी सोबत न्या. विकणारा हसला तर हसू दे.

आधी सीटचा तळ आणि पाठ जिथं मिळतात त्या फटीत बोटं घाला. आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायचे, दोन धातूचे आकडे हाताला लागले पाहिजेत. त्यांच्यातलं अंतर जगभर सारखंच, २८० मिलिमीटर. नुसतं चिन्ह शिवलेलं असतं आणि आत आकडा एवढा खोल असतो की सीट लावताना नखं मोडतात, असंही होतं. म्हणून प्रत्यक्ष लावूनच बघा. बाळ आणि सीट मिळून साधारण ३३ किलोपर्यंतच आयसोफिक्सवर भरवसा ठेवायचा असतो, त्यापुढे गाडीचा नेहमीचा सीट बेल्ट. सीट मागं-पुढं कलू नये म्हणून वरून ओढून बांधायचा पट्टा असेल, तर त्याचा हूक सीटच्या पाठीमागं किंवा डिकीत कुठं आहे ते शोधा. सीटला खाली टेकणारा पाय असेल तर तो टेकतो तिथं गाडीचा तळ ठोकून पाहा. काही गाड्यांत तिथं सामान ठेवायचा चोरकप्पा असतो, आणि पोकळ झाकणावर टेकलेला पाय अपघातात काही कामाचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप यानंतरचं. तान्ह्या बाळाची सीट मागं तोंड करून लावायची असते. आर १२९ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे निदान १५ महिन्यांपर्यंत, आणि जमेल तितकं त्याहून जास्त. अशी सीट लावली की पुढची सीट बरीच पुढं सरकवावी लागते. आता घरातल्या सगळ्यात उंच माणसाला त्या पुढच्या सीटवर बसवा. गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील तर ही गाडी तुमची नाही, मग ती कितीही स्वस्त असो. पुढच्याच सीटवर बाळाची सीट उलटी लावायचा विचार असेल, तर त्या बाजूची एअरबॅग बंद करायचं बटण हवंच. उघडलेली एअरबॅग उलट्या सीटच्या पाठीवर थेट बाळाच्या डोक्यामागं आदळते. बटण नसेल तर बाळ मागंच बसेल.

आणखी काही गोष्टी रोज टोचतात, पण जाहिरातीत कधी लिहिलेल्या नसतात. मागचं दार किती उघडतं? काही गाड्यांत ते जवळजवळ काटकोनात उघडतं, काहींत अर्धवट. झोपलेलं मूल कमरेत वाकून आत ठेवताना या फरकाची किंमत कळते. मागच्या काचेची कड फार उंच असेल तर मुलाला बाहेरचं काही दिसत नाही आणि गाडी लागायचं प्रमाण वाढतं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दोन सीट लावून मधे मोठं माणूस बसतं का, तेही बघून घ्या. बाबागाडी चाकं न काढता डिकीत गेली पाहिजे. चाकं काढावी लागत असतील तर पहिला आठवडा तुम्ही काढाल, नंतर बाबागाडी घरीच राहील.

तारे मोजताना साल बघा

अपघात चाचणीतले तारे हे त्या वर्षापुरते असतात. गाड्यांच्या अपघात चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनं १९९७ साली चाचण्या सुरू केल्या आणि तेव्हापासून परीक्षा अवघडच होत गेली. फियाट पुंतोला २००५ मध्ये पाच तारे होते. तीच रचना बारा वर्षांनी, २०१७ मध्ये पुन्हा तपासली तेव्हा एकही तारा मिळाला नाही. म्हणजे जुन्या निकालातले पाच आणि अलीकडच्या निकालातले चार यांत चारच भारी ठरू शकतात. मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे दिलेले असतात, तेवढे नक्की वाचा. एकाच मॉडेलचा निकाल वेगवेगळ्या बाजारांतल्या गाड्यांना लागू होईलच असंही नाही, कारण एअरबॅगांची संख्या बदलते.

माझी एक अट ठाम आहे: ईएससी हवंच. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला मार्गावर आणणारी ही यंत्रणा १९९५ साली पहिल्यांदा रस्त्यावरच्या गाड्यांत आली. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४च्या अखेरीपासून प्रत्येक नव्या कारमध्ये ती सक्तीची झाली. इतर ठिकाणच्या गाड्यांत ती वरच्या व्हेरियंटमध्येच असू शकते. सनरूफ, मोठी स्क्रीन, अलॉय व्हील यांच्याऐवजी मी ही एक यंत्रणा निवडीन.

चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर रिकॉल तपासा, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीनं ही गाडी परत बोलावली आहे का ते बघा, फुकट असतं. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचं प्रकरण आठवत असेल. त्यांतली अमोनियम नायट्रेटची दारू उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडत गेली आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे माणसांना लागले. एकट्या अमेरिकेत एअरबॅग फुगवणारे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. काम करून न घेतलेल्या गाड्या हात बदलत फिरत राहतात, आणि त्या तुमच्यापर्यंतही पोचू शकतात.

इंधन आणि गिअर

तुमचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. पाळणाघर, ऑफिस, भाजी, परत. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर अलीकडची डिझेल गाडी घेऊ नका. तिच्या सायलेन्सरमधली काजळी पकडणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, साफ व्हायला इंजिन बराच वेळ चांगलं तापावं लागतं. छोट्या फेऱ्यांत ती तुंबते आणि नवी महाग असते. डिझेल हे लांब रस्त्याच्या माणसाचं काम.

साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन कंटाळवाणं वाटतं; मला ते कंटाळवाणंच आवडतं. छोटं टर्बो इंजिन घेणार असाल तर टायमिंग बेल्ट (टायमिंग चेनचंच काम करणारा रबरी पट्टा) ऑइलमध्ये बुडालेला आहे का हे विचारा. काही मॉडेलमध्ये तो तसा असतो. चुकीच्या ग्रेडचं किंवा जुनं झालेलं ऑइल त्याचं रबर खातं, आणि ते कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीवर बऱ्याच कंपन्या आठ वर्षांची वॉरंटी देतात. किती उरली आहे आणि ती नव्या मालकाकडे येते का, ते कागदावर बघा. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीची उरलेली क्षमता किती टक्के, याचा छापील रिपोर्ट मागा. त्याशिवाय बोलणीच नको.

ऑटोमॅटिक गाडीला एकच प्रश्न: गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं? "ते आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं उत्तर आलं, तर ते कोणाचं आयुष्य हे विचारायचं मनात ठेवा आणि भाव करताना ते ऑइल बदलायचा खर्च धरा.

सर्व्हिस रेकॉर्ड कसं वाचायचं

फोनवर तीन गोष्टी विचारा: किती वर्षं तुमच्याकडे आहे, का विकताय आणि सर्व्हिसची बिलं आहेत का. तिसऱ्याचं उत्तर "सगळं वेळेवर केलंय हो" एवढंच असेल तर जायचे कष्ट घेऊ नका.

बिलं हातात आली की तारीख आणि किलोमीटर यांची जोडी एका कागदावर उतरवा. मीटर मागं फिरवलेला असेल तर कुठंतरी आकडा खाली येतो, नाहीतर वर्षाला पंधरा हजार चालणारी गाडी अचानक दोन हजारांवर येते. मग बिलांची गाडीशी गाठ घाला. चाळीस हजार दाखवणाऱ्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत कसं? स्टीअरिंगवर डाव्या-उजव्या हाताच्या जागी चकाकी कशी? ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसलेली का? चाळीस हजारांत एवढं व्हायचं नसतं.

टायमिंग बेल्टची नोंद खास शोधा. तो किती किलोमीटरला बदलायचा हे मॉडेलनुसार ठरतं, पण वर्षांचीही मर्यादा असते. कमी चाललेल्या गाडीत लोक हेच विसरतात. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. नोंद नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चला.

गाडीपाशी गेल्यावर

दिवसा जा, पाऊस नसताना जा, आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. कोमट लागलं तर "दोन तासांनी येतो" म्हणा आणि खरंच दोन तासांनी या.

ऑइलचं झाकण काढून आतून बघा. दुधाच्या सायीसारखा पिवळट थर असेल तर एक तर गाडी फार कमी अंतर चालते, नाहीतर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळतंय. दुसरी शक्यता फार महाग पडते. कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग दिसला तर नमस्कार करून निघा. मग सुरू करायला सांगा आणि तुम्ही मागं उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. थंडीत थोडी पांढरी वाफ चालते. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर कूलंट जळतंय. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझायला हवा. लागलाच नाही, तर कोणीतरी तो काढून ठेवलाय.

अपघाताच्या खुणा रंगात शोधतात, त्या बोल्टवर जास्त सापडतात. बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांच्या डोक्यावरचा रंग पान्यानं खरवडलेला असेल तर तो भाग एकदा उतरवलेला आहे. सगळ्या काचांवरचे छोटे शिक्के वाचा. एकीचं साल वेगळं असेल तर ती का बदलली हे विचारा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन भरतो, पोचा बुजवायला पुट्टी भरलेल्या जागी आकडा कित्येक पटींनी वाढतो. एखादं दार पोचा काढून रंगवलेलं असेल तर त्यानं बिघडत नाही. चेसिसच्या पुढच्या दांड्यांवर वेल्डिंग दिसलं तर मात्र गाडी सोडा.

आणि बुडालेली गाडी. एका मित्रासाठी बघितलेली अशी एक गाडी मला अजून आठवते. आत नवीन मॅट, नवी सीट कव्हर, लिंबाचा उग्र वास. मागच्या सीटचा पट्टा मी सहज ओढला आणि ओढतच राहिलो, रीळ संपेपर्यंत. शेवटच्या दोन विती पट्ट्यावर एक सरळ तपकिरी रेघ होती, त्याखाली कापड कडक. पट्टा कोणी शेवटपर्यंत धूत नाही. मग पुढच्या सीटच्या रुळांखाली हात घातला तर बोटांना गंज, स्टेपनीच्या खळग्यात सुकलेला बारीक गाळ. मालक म्हणाला, गाडी कधी पाण्यातून गेलीच नाही. आम्ही चहा नको म्हटलं. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये हळूहळू गंज चढतो आणि बिघाड महिनोन्‌महिने नव्या नव्या ठिकाणी येत राहतात. मूल मागं बसवून ते भोगायचं नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा वर्षांपुढचा टायर बारकाईनं तपासावा, दहा वर्षांचा वापरूच नये. बऱ्याच देशांत नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण ओल्या रस्त्यावर तीनच्या खाली गेलेल्या टायरवर मी मुलांना बसवत नाही. एकाच कडेनं झिजलेला टायर अलाइनमेंट किंवा वाकलेला सस्पेन्शन सांगतो.

चालवून बघताना

कॉलनीतली एक चक्कर काही कामाची नाही. निदान अर्धा-पाऊण तास हवा: खड्डे, चढ, आणि थोडा मोकळा रस्ता. रेडिओ बंद, विकणाऱ्याला मागं बसवा. तो गप्पा मारायला लागला की कान इंजिनाकडे ठेवा. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कट-कट आवाज आला तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणारा सांधा, गेलाय. चौथ्या गिअरला कमी वेगात एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी पळाली नाही तर क्लच घसरतोय. मोकळ्या रस्त्यावर, मागं कोणी नाही हे बघून, जोरात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढली जाते का, पेडल थरथरतं का? चढावर हॅन्डब्रेक लावून सोडा. एसी पंधरा मिनिटं चालवा, मागच्या सीटपर्यंत हवा पोचते का ते जोडीदाराला विचारा.

मेकॅनिक आणि स्कॅनर

इथवर गाडी टिकली तर आपल्या ओळखीच्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून घ्या. हे पैसे वाचवू नका. विकणारा "माझाच मेकॅनिक आहे की" म्हणत असेल किंवा गाडी न्यायलाच नाही म्हणत असेल, तर तेच उत्तर समजा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरचं १६ पिनांचं सॉकेट स्टीअरिंगखाली असतं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या, युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल आणि २००४ पासूनच्या डिझेल गाड्यांत ते सक्तीचं आहे. मेकॅनिकला फक्त बिघाडाचे कोड बघायला सांगू नका, "रेडिनेस" बघायला सांगा. कोड सकाळीच पुसलेले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात. शून्य कोड आणि अर्ध्या चाचण्या अपूर्ण, म्हणजे दिवा काल लागलेला होता.

कागद आणि भाव

चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. काचेखालचा, दाराच्या खांबावरचा आणि कागदावरचा नंबर एकच हवा. विकणारा आणि कागदावरचा मालक एकच हवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचं बँकेचं पत्र हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. घासाघीस करताना "जरा कमी करा" पेक्षा मेकॅनिकनं लिहून दिलेली खर्चाची यादी पुढं ठेवली की काम सोपं होतं. "आज दुसरं गिऱ्हाईक येणार आहे" असं म्हणाला तर येऊ दे.

गाडी घरी आल्यावर

पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदला, आधीची नोंद काहीही असो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचंच असतं आणि जुन्या मालकांनी ते बहुधा बदललेलं नसतं. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक चालू करा आणि आतून उघडून बघा. जुन्या गाडीबरोबर कोणी त्यांची जुनी बाळाची सीट फुकट देत असेल आणि तिनं अपघात बघितलाय का हे खात्रीनं माहीत नसेल तर घेऊ नका. टायरमधल्या हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, तिथं बहुधा दोन रांगा असतात. आईबाबा, दोन मुलं, बाबागाडी आणि आठवड्याच्या बॅगा घेऊन निघायचं असेल तेव्हा पूर्ण भाराची रांग वाचून हवा भरा.